खांद्याचे बळ आणि हातातला काटा

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीची गोणी काट्यावर चढते तेव्हा शेतकरी त्या आकड्यावर विश्वास ठेवतो, त्याला कारण आहे. वैधमापनशास्त्र विभागाचा निरीक्षक ठरलेल्या मुदतीत तो काटा प्रमाणित वजनांनी तपासतो आणि त्यावर मुद्रा मारतो. मुद्रेविना काटा वापरणे गुन्हा आहे. किलोभर इकडचे तिकडे झाले तरी यार्डात आवाज चढतो. तीच गोणी खांद्यावर घेऊन हमाल फळीवरून ट्रकमध्ये चढतो. त्याचा खांदा दुखू लागला आणि ताकद किती उरली हे पाहायची वेळ आली, की साधन बहुधा एकच असते: तपासणाऱ्याचा तळहात. "लावा जोर, मामा. अजून लावा. बरं, सोडा." आणि केसपेपरवर लिहिले जाते, ४/५.

या चारचा अर्थ काय, हे विचारण्यासाठी ही पुस्तिका आहे. तिचा विषय अरुंद वाटेल: हातात धरायच्या डायनॅमोमीटरने खांद्याच्या स्नायूंचे बळ मोजले, तर त्या आकड्यावर कितपत विसंबावे? पण हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अरुंद राहत नाही. फेब्रुवारीपासून हळद काढणीला येते. मग कंद मोडणे, कुकरमध्ये शिजवणे, वाळवणे, ड्रममध्ये पॉलिश करणे आणि गोण्या भरणे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या बातम्या झाल्या. त्या हळदीचा प्रत्येक टप्पा कुणाच्या तरी खांद्यावरून जातो, त्याची बातमी होत नाही. २०२४ मध्येच हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातल्या खांद्यांची मोजणी यापुढे इथेच होऊ शकेल, प्रबंधही इथल्याच माणसांवर लिहिले जातील. ते लिहिले जाण्याआधी मोजण्याच्या साधनाची झाडाझडती झालेली बरी.

हाताने स्नायू तपासण्याची पद्धत पोलिओने घडवली. बोस्टनचे अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्माइन राइट यांनी १९१० च्या दशकात गुरुत्वाकर्षणाचा आधार घेऊन स्नायूंच्या पायऱ्या ठरवल्या. अंग स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येते का, त्यावर आणखी दाब दिला तर टिकते का, असे ते साधे प्रश्न होते. दुसऱ्या महायुद्धात चेतातंतूंच्या जखमा तपासण्यासाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने शून्य ते पाच ही श्रेणी रूढ केली आणि आजही आपल्याकडे तीच चालते. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, तेव्हाही समोर पोलिओची मुले होती. लुळ्या पडलेल्या स्नायूत जीव आहे की नाही, तो शून्यावरून एकवर, एकवरून दोनवर आला का, हे सांगायला ही श्रेणी उत्तम आहे. त्यासाठीच ती बनली.

अडचण वरच्या टोकाला आहे. तीनच्या पुढे आणि पाचच्या अलीकडे जे काही आहे ते सगळे चारमध्ये कोंबलेले असते. कोपर वाकवण्याच्या ताकदीवर अशी प्रत्यक्ष मोजणी झाली आहे. एकूण ताकदीचा जवळजवळ सगळा पल्ला या एका श्रेणीत बसतो, असे तिच्यातून निघाले. म्हणजे हमालाच्या खांद्याची निम्मी ताकद गेली तरी तो चारच राहील आणि तीन महिन्यांच्या उपचाराने पुष्कळ परत आली तरीही चारच राहील. शिवाय तिशीतल्या धडधाकट हमालाच्या खांद्याचे बळ अर्धे झाले, तरी तपासणाऱ्या विद्यार्थिनीच्या तळहाताला ते पाच वाटू शकते. उपचार उपयोगी पडला की नाही, हे अशा मापाने कळायचे नाही.

गंमत अशी, की हे खुद्द लव्हेटना उमगले होते. १९१६ मध्ये त्यांनी हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट मार्टिन यांच्यासोबत पोलिओच्या रुग्णांसाठी स्प्रिंगच्या काट्याची तपासणी प्रसिद्ध केली. अंगाला पट्टा, पट्ट्याला काटा. स्नायू हार मानेपर्यंत ओढायचे आणि आकडा वाचायचा. पुढे १९८७ मध्ये कॉन्स्टंट आणि मर्ली यांनी खांद्यासाठी शंभर गुणांची जी मोजपट्टी दिली, तिच्यातही ताकदीच्या पंचवीस गुणांसाठी स्प्रिंगचाच काटा होता. एका पौंडाला एक गुण. खांद्याच्या शस्त्रक्रियेचे यश जगभर ज्या पट्टीने मोजले गेले, तिचा एक चतुर्थांश हिस्सा आठवडी बाजारात टांगलेल्या काट्याच्या जातीतला निघावा, हे मला आवडते. आजचा हातातला डायनॅमोमीटर म्हणजे त्याच काट्याचा सुधारलेला अवतार. स्प्रिंगऐवजी आत भार मोजणारा सेन्सर, काट्याऐवजी पडदा, वर तळहातात मावेल असा आकार. तपासणारा तो रुग्णाच्या मनगटाजवळ टेकवतो, रुग्ण त्याच्यावर जोर लावतो आणि पडद्यावर न्यूटन किंवा किलो उमटतात.

तुलनेसाठी ज्याला मानदंड धरतात ते आयसोकायनेटिक यंत्र खुर्ची, मोटर आणि संगणकासह एक खोली अडवते आणि त्याची किंमत अनेक लाखांत जाते. ते जिल्ह्याच्या ठिकाणी असावे अशी अपेक्षाही कुणी धरत नाही. हातातला डायनॅमोमीटर बॅगेत टाकून कळमनुरीला नेता येतो, सेनगावच्या आरोग्य केंद्रात नेता येतो, यार्डातल्या हमालांच्या चहाच्या टपरीवरही नेता येतो. त्यामुळे खरी स्पर्धा तळहात आणि डायनॅमोमीटर यांच्यात आहे. त्या स्पर्धेत तो जिंकतो, यात मला शंका नाही. शंका आहे ती तो जिंकल्यावर आपण त्याचा आकडा कसा वाचतो त्याबद्दल.

पहिली गोष्ट अशी, की हा आकडा एकट्या रुग्णाचा नसतो. रुग्ण ढकलतो तेवढ्याच ताकदीने तपासणाऱ्याने यंत्र जागेवर धरले, तरच पडद्यावर रुग्णाचे बळ येते. यंत्र मागे सरकले की तो आकडा तपासणाऱ्याच्या हाताची मर्यादा दाखवतो. विकहोम आणि बोहॅनन यांनी १९९१ मध्ये वेगवेगळ्या ताकदीच्या तीन तपासनिसांकडून तीन स्नायूगट मोजून घेतले. खांदा बाहेरच्या बाजूला फिरवणारे स्नायू तुलनेने कमजोर, त्यामुळे तिथे तिघांचे आकडे छान जुळले. गुडघा सरळ करणाऱ्या दांडग्या स्नायूंपाशी येईतो जुळणी ढासळली, कारण तिथे मोजला जात होता तपासणारा. खांद्याच्या बाबतीत म्हणूनच बातमी अर्धी चांगली आहे. हात आत-बाहेर फिरवण्याची ताकद बहुतेक तपासनिसांच्या आवाक्यात असते. पण हात बाजूला उचलण्याची ताकद कोपराजवळ यंत्र टेकवून मोजायला गेलात आणि समोर रोज गोण्या उचलणारा माणूस असेल, तर हरण्याची तयारी ठेवा.

इथे एक गोष्ट परदेशी लेखांत फारशी भेटत नाही आणि आपल्याकडे रोज घडते. फिजिओथेरपी शिकणाऱ्यांत मुली मोठ्या संख्येने आहेत. साठीचा हमाल "पोरगी आहे, हात दुखायचा तिचा" म्हणून जोर राखून लावतो. उलट, कंद मोडणारी मावशी तरुण मुलाच्या हातावर जोर लावताना संकोचते, पदर सावरते, हसते आणि यंत्रावर निम्मे बळ उमटते. काहींना वाटते ही तपासणी कामावरून काढण्यासाठी आहे, तेव्हा ते दुखणे गिळून जोर लावतात. काहींना वाटते यातून काही मदत मिळेल, तेव्हा हात लवकर सैल पडतो. यातली एकही गोष्ट यंत्राच्या माहितीपत्रकात नसते. मोजणीआधी पाच मिनिटे बसून हे कशासाठी आहे ते सांगणे, दुखऱ्या हाताआधी चांगल्या हातावर एकदा करून दाखवणे, आणि हुकूम प्रत्येकाला त्याच शब्दांत, त्याच आवाजात देणे, हा मोजमापाचाच भाग आहे. त्याला शिष्टाचार समजून वगळणाऱ्याचे आकडे मी तरी वाचणार नाही.

माणसाच्या मनाचा हा हिशेब न केल्याची किंमत इतिहासात मोजली गेली आहे. पॅरिसच्या रेनिएने १७९८ मध्ये आपला डायनॅमोमीटर जगापुढे मांडला आणि दोनच वर्षांत फ्रेंच दर्यावर्दी बोदँ याच्या मोहिमेबरोबर तो ऑस्ट्रेलियाकडे निघाला. फ्रान्स्वा पेरोँ या निसर्गशास्त्रज्ञाने तिथल्या मूळ रहिवाशांच्या, तिमोरच्या लोकांच्या आणि युरोपीय खलाशांच्या हाती तो देऊन आकडे घेतले आणि युरोपीय माणूस अधिक बलवान, असा निष्कर्ष छापला. अनोळखी जहाजावरून आलेल्या अनोळखी माणसाने पुढे केलेली लोखंडी वस्तू कुणी का म्हणून जिवाच्या आकांताने दाबावी, हा प्रश्न त्याला पडला नाही. पुढे त्याच्या मोजणीवर शंका घेतल्या गेल्या, पण निष्कर्ष तोवर फिरून आला होता.

दुसरी गोष्ट अंतराची. खांदा फिरवण्याचे बळ म्हणजे खरे तर आघूर्ण: ताकद गुणिले तरफेची लांबी. समजा एकाच्या खांद्याचे आघूर्ण २० न्यूटन-मीटर आहे. यंत्र कोपरापासून २५ सेंटिमीटरवर टेकवले तर पडद्यावर ८० न्यूटन दिसतील. पुढच्या खेपेस घाईत ते २० सेंटिमीटरवर टेकले, तर १०० दिसतील. स्नायू तोच, माणूस तोच, आणि केसपेपरवर २५ टक्के सुधारणा! मनगटाच्या हाडावर बॉलपेनने एक खूण आणि शिवणकामाची टेप, एवढ्यावर ही चूक टळते. ती टाळली जात नाही याचे कारण पैसा नाही. मनगटापाशी टेकवण्याचा आणखी फायदा असा, की लांब तरफेमुळे रुग्णाची ताकद कमी आकड्यात येते आणि ती तपासणाऱ्याच्या आवाक्यात राहते.

तिसरी गोष्ट, रुग्णाने ढकलायचे की तपासणाऱ्याने हात मोडून काढायचा. रुग्ण हळूहळू पूर्ण जोर लावतो आणि तपासणारा फक्त धरून ठेवतो, ही एक रीत. तपासणारा जोर वाढवत नेतो आणि रुग्णाचा हात मागे हटेपर्यंत थांबत नाही, ही दुसरी. ताणला जात असताना स्नायू जास्त बळ देतो, म्हणून दुसऱ्या रीतीचे आकडे मोठे येतात. बोहॅनन यांनी १९८८ मध्ये कोपराच्या स्नायूंवर हे नीट दाखवले. दोन्ही रीती स्थिर आकडे देऊ शकतात, पण एकीचे आकडे दुसरीशेजारी ठेवता येत नाहीत. दुखऱ्या, फाटक्या रोटेटर कफवर (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या संचावर) मोडून काढण्याची रीत मला अनावश्यक वाटते आणि या पुस्तिकेत पहिलीच धरली आहे: दोन सेकंदांत जोर चढवा, तीन ते पाच सेकंद धरा, सोडा, मिनिटभर थांबा, पुन्हा. तीन वेळा.

बसण्याबद्दल पुढे एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. खांदा एकटा काम करत नाही. खांद्याचे पाते, कंबर, मान सगळे त्याच्या मदतीला धावतात आणि बसलेला माणूस नकळत एका बाजूला कलून अंगाचे वजन यंत्रावर टाकतो. उताणे झोपवले की ही लबाडी बरीच कमी होते. काखेत आणि कोपराशी गुंडाळलेला टॉवेल ठेवला की तो पडल्याबरोबर कळते, हात अंगापासून सुटला. आणि शक्य असेल तिथे तपासणाऱ्याचा हातच बाजूला काढावा: पट्टा घ्यावा, एक टोक भिंतीतल्या आकड्याला किंवा लोखंडी खाटेला, दुसरे यंत्राला. पट्ट्याने ना स्त्री-पुरुष भेद राहतो ना दमणे. नावाजलेले आयात यंत्र पट्ट्याशिवाय वापरण्यापेक्षा साधे यंत्र पट्ट्यासह वापरावे, असे माझे मत आहे आणि यंत्रे विकणाऱ्यांना ते आवडणार नाही.

बाजारात मिळणारा डिजिटल लटकता काटा तर ओढ मोजण्यासाठीच बनलेला आहे, काही शे रुपयांत मिळतो आणि पट्ट्याशी त्याची जोडी उत्तम जमते. त्याची खोड एकच: तो स्थिर आकड्यावर थांबतो, क्षणिक उच्चांक पकडत नाही, म्हणून जोर धरून ठेवणे अधिक जरुरीचे. अगदीच अशक्त रुग्णासाठी रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा घडी करून, २० मिलिमीटरपर्यंत हवा भरून त्यावर दाब घेता येतो. बलवान माणसापुढे मात्र त्याची तबकडी तीनशेवर संपते. यापैकी कोणतेही साधन घ्या, महिन्यातून एकदा किराणा दुकानातली मुद्रांकित पाच आणि दहा किलोची वजने टांगून किंवा ठेवून पाहा. दर वेळी दोनशे ग्रॅम कमी दाखवणारा काटा विश्वसनीय असतो, पण खरा नसतो, हे यार्डात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. डाव्या-उजव्या खांद्याची तुलना करायची असेल तर तोही चालून जाईल. दुसऱ्या गावच्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर नाही.

आता त्या आकड्याकडे येऊ, ज्यासाठी बहुतेक प्रबंध लिहिले जातात: आयसीसी, म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन कोइफिशंट. एकाच गटाची दोनदा मोजणी करा, सूत्रात घाला, शून्य ते एकमधला आकडा येतो. ०.७५ च्या वर चांगला, ०.९ च्या वर उत्तम, असे संकेत आहेत. श्राउट आणि फ्लाइस यांनी १९७९ मध्ये त्याचे सहा प्रकार मांडले. कोणता वापरला हे न लिहिणारे प्रबंध अजूनही मिळतात. माझी खरी तक्रार दुसरी आहे. आयसीसी यंत्राचा गुण सांगत नाही. मोजलेल्या माणसांमधला फरक मोजणीतल्या चुकीच्या मानाने किती मोठा आहे, एवढेच तो सांगतो.

उदाहरण कल्पित आहे, गणित खरे. समजा आपल्या मोजणीतली प्रमाण चूक १० न्यूटन आहे. गटात पैलवान, हमाल, कॉलेजची मुले आणि आज्या एकत्र घेतल्या, तर ताकदीचा पसारा मोठा, प्रमाण विचलन समजा ३०. आयसीसी येईल ०.८९. मित्रमंडळींना अभिमानाने दाखवावा असा. आता तेच यंत्र, तोच तपासणारा, तीच चूक. पण गट फक्त पन्नाशीतल्या, हळदीच्या कामावरच्या बायकांचा, प्रमाण विचलन १५. आयसीसी ०.५६. यंत्र रातोरात बिघडले नाही. गट एकजिनसी झाला, एवढेच. म्हणून एका गटाचा आयसीसी उचलून दुसऱ्यावर चिकटवणे चुकीचे. त्यातून बहुसंख्य अभ्यास अठरा ते पंचविशीच्या निरोगी विद्यार्थ्यांवर, एकाच दुपारी दोनदा मोजून झालेले असतात. त्यातला ०.९५ पाहून पंचावन्न वर्षांच्या, मधुमेहाने खांदा आखडलेल्या माणसाबद्दल काहीही ठरवता येत नाही.

रुग्णाच्या कामाचा आकडा दुसराच आहे आणि तो लपून राहतो. प्रमाण चुकीला २.७७ ने गुणले की मिळतो तो किमान फरक, ज्याच्या खालचा बदल निव्वळ मोजणीचा खेळ असू शकतो. वरच्या उदाहरणात तो जवळजवळ २८ न्यूटन, म्हणजे पावणेतीन किलोहून थोडा जास्त. एखाद्या मावशीचे बळ ६० वरून ७५ न्यूटनवर गेले तर टक्केवारीत ती २५ टक्क्यांची झेप दिसते. अहवालात ती झेपच लिहिली जाते. पण २८ च्या आतला तो फरक आहे. तिचा खांदा सुधारला असेलही; ते या दोन आकड्यांवरून म्हणता येत नाही. तीन मोजण्यांची सरासरी घेतली, पट्टा लावला, तपासणारा बदलला नाही, तर प्रमाण चूक खाली येते, तिच्याबरोबर हा उंबरठाही उतरतो आणि तेव्हा कुठे पंधरा न्यूटनांना आवाज फुटतो. म्हणून या पुस्तिकेतल्या प्रत्येक तक्त्यात आयसीसीच्या आधी हा किमान फरक छापला आहे, तोही न्यूटन आणि किलो दोन्हींत.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि मोजायचा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही हजारो पटींनी लहान. जागा निवडताना तिथली जमीन किती शांत आहे, हे आधी तपासले गेले. संकेत शोधण्यापूर्वी गोंगाट मोजायचा, ही त्या विद्येची पहिली पायरी. औंढ्यात एखाद्या फिजिओथेरपिस्टला ती पायरी चढायला कोटी लागत नाहीत. आठवड्याच्या अंतराने दहा-वीस ओळखीच्या खांद्यांची दोनदा मोजणी केली, की स्वतःच्या हाताची प्रमाण चूक हाती येते. परक्या गावच्या प्रबंधातल्या आकड्यापेक्षा ती जास्त उपयोगी आहे.

एक वाद मात्र इथे सुटलेला नाही आणि तो तसाच मांडला आहे. कॉन्स्टंट यांच्या पट्टीनुसार हात नव्वद अंशांपर्यंत उचलता आला तरच ताकदीचे गुण, नाहीतर शून्य. २००८ मध्ये त्यांनी मार्गदर्शक सूचना सुधारल्या तेव्हाही हा नियम राखला. शस्त्रक्रियेची तुलना करणाऱ्यांना तो सोयीचा आहे. आखडलेल्या खांद्याचा माणूस मात्र सत्तर अंशांवर अडतो, त्या कोनात भक्कम बळ देतो आणि तरी त्याला शून्य मिळते. तो शून्य विश्वसनीय आहे, दहादा मोजा, दहादा येईल. माझ्या मते अशा रुग्णाचे बळ कोपर अंगाशी ठेवून, हात बाहेर फिरवताना मोजावे, कोन आणि अंतर शेजारी लिहावे आणि पट्टीच्या रकान्यात शून्य असेल तर असू द्यावे. पाचव्या प्रकरणात त्यासाठी केसपेपरचा एक नमुना दिला आहे: तारीख, वेळ, कामाआधी की कामानंतर, बाजू, स्थिती, कोपरापासूनचे अंतर, पट्टा होता की नाही, तीन आकडे, दुखणे शून्य ते दहा आणि मोजणाऱ्याची सही. हंगामात हमालाला सकाळी मोजले आणि पुढच्या खेपेस ट्रक भरून झाल्यावर मोजले, तर पहिले तीन रकानेच सगळा फरक सांगतील.